आय फाइव्ह आहे, पण कुठला?

“मॅडम, आय फाइव्ह घेऊ की आय सेव्हन?”

या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. उलट विचारते, “पुढचा नंबर काय?” समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. खोक्यावर आय सेव्हन लिहिलंय, कीबोर्डखालच्या स्टिकरवर आय सेव्हन लिहिलंय, दुकानदारही तेच म्हणाला. आता आणखी कसला नंबर? पण खरी गोम त्या पुढच्या चार-पाच आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरातच असते. इंटेलचा आय सेव्हन-७५००यू घ्या. सातव्या पिढीचा, २०१६ सालचा. त्यात कोअर फक्त दोन. वर्षभरात, ऑगस्ट २०१७ मध्ये, आठव्या पिढीचा आय फाइव्ह-८२५०यू आला आणि त्यात कोअर चार. म्हणजे नाव लहान आणि कोअर दुप्पट. सेकंडहँड बाजारात आजही हे दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले दिसतात, आणि ‘सेव्हन’वाल्याची किंमत वर चढवून सांगितली जाते.

कोपरखैरण्यात माझे प्रोग्रामिंगचे क्लास आहेत. सी, जावा, पायथन, जोडीला थोडं डेटाबेसचं. त्याआधी महाप्याच्या एका कंपनीत नोकरी केली. मुलं येतात ती आसपासच्या सेक्टरांतली, घणसोलीची, तुर्भ्याची. कोणी डिप्लोमाला, कोणी बीएस्सी आयटीला, कोणी वाशी-नेरुळ-ऐरोलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात. बऱ्याच जणांचे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी. गाव साताऱ्याकडे किंवा जुन्नरकडे, आणि घर सिडकोच्या माथाडी वसाहतीतलं, वर मजले चढवलेलं. एका अंगाला आयटी पार्कच्या काचा आणि दुसऱ्या अंगाला कांदा-बटाटा मार्केट, असा आमचा मुलूख. इथे लॅपटॉप घ्यायचा म्हणजे कोणाची भिशी उचलली जाते, कोणी पतपेढीतून कर्ज काढतं. बजेट चाळीस-पन्नास हजारांचं, आणि ते यंत्र पदवीची तीन-चार वर्षं आणि वर नोकरी लागेपर्यंत पुरायला हवं. “बिघडला तर दुसरा घेऊ” हे वाक्य या घरांत बोललं जात नाही.

म्हणून मी प्रोसेसरवर अडून बसते. लॅपटॉपमध्ये एसएसडी बदलता येते, बऱ्याच मॉडेलांत रॅम वाढवता येते, बॅटरी नवी घालता येते, कीबोर्डही बदलून मिळतो. प्रोसेसर मात्र बोर्डावर कायमचा डकवलेला असतो. घरच्या डेस्कटॉपमध्ये तो काढून दुसरा बसवता येतो, लॅपटॉपमध्ये नाही. जो घेतला तोच शेवटपर्यंत. त्यामुळे पैसे मोजके असतील तर जे पुढे बदलताच येणार नाही ते आधी नीट निवडावं.

आता एएमडीचं एक उदाहरण, कारण या किमतीत सगळ्यात जास्त फसगत मला इथेच दिसते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. स्टिकरवर दोन्हीकडे ‘रायझन ५’ एवढंच. नंबरात फरक दहाचा. पण ७५२०यूमध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड, एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ४ एमबी. ७५३०यूमध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड, कॅश १६ एमबी. शिवाय ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ मेमरी घेतो आणि ती बोर्डावरच डकवलेली येते. आठ जीबीचा घेतला तर जन्मभर आठ जीबी. ७५३०यू साधी डीडीआर४ मेमरी घेतो, त्यामुळे त्याच्या पुष्कळ मॉडेलांत एखादा स्लॉट मोकळा सापडतो.

हा नंबर वाचायचा कसा, ते एएमडीनेच २०२३ च्या मालिकेसाठी ठरवून दिलं होतं. पहिला आकडा वर्षाचा, ७ म्हणजे २०२३. दुसरा दर्जाचा. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो: २ म्हणजे झेन-टू, ३ म्हणजे झेन-थ्री, ४ म्हणजे झेन-फोर. झेन-टू ही रचना मुळात २०१९ ची. म्हणजे पहिला आकडा म्हणतो ‘मी नवा’ आणि तिसरा हळूच सांगतो ‘मी जुना’. गिऱ्हाईक पहिला आकडा पाहतं.

२०२३ च्या डिसेंबरात इंटेलने यावरून एएमडीची जाहीर टिंगल केली होती. ‘कोअर ट्रूथ्स’ नावाचं एक सादरीकरण काढलं आणि हाच ७५२०यू पुढे करून, जुना माल नव्या नावाने विकतात असा ठपका ठेवला. आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२४ मध्ये, इंटेलने स्वतःचे ‘कोअर ५ १२०यू’ आणि ‘कोअर ७ १५०यू’ आणले, तेही मागच्याच पिढीच्या रचनेवर बेतलेले. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! या दोघांच्या भांडणातून गिऱ्हाइकाने घ्यायचं ते एवढंच की नावाच्या भरवशावर कोणाकडेही जायचं नाही.

त्या १२०यू आणि १५०यूची आणखी एक गंमत. एक ‘५’, दुसरा ‘७’, किमतीत चांगलं अंतर. पण कोअरची संख्या दोघांत तीच, दहा. फरक आहे तो कमाल वेगाचा: एक ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसरा ५.४ पर्यंत. बाराव्या पिढीच्या आय फाइव्ह-१२३५यू आणि आय सेव्हन-१२५५यूचंही तसंच, दहा कोअर, १२ एमबी कॅश, फक्त वेग ४.४ विरुद्ध ४.७. कोडिंग शिकणाऱ्या मुलाने या फरकासाठी पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ते पैसे रॅमला लावावेत.

कोअर, थ्रेड हे शब्द मी आतापर्यंत वापरत आले, पण ते मला नीट सांगता आले ते एका विद्यार्थिनीच्या वडिलांमुळे. कांदा मार्केटात त्यांची टोळी आहे. त्यांनी विचारलं, “जास्त कोअर म्हणजे चांगलंच ना मॅडम? दुकानात आठ कोअरवाला दाखवतायत, तोही स्वस्तात.” मी म्हटलं, “दादा, ट्रक खाली करायचाय. टोळीत आठ माणसं असली तर ट्रक लवकर रिकामा होतो. पण एकच पोतं गाळ्यात न्यायचं असेल तर?” ते लगेच म्हणाले, “एकच गडी नेणार. बाकीचे बघत बसणार.” आणि मग त्यांनीच निष्कर्ष काढला, “म्हणजे गडी किती हेही बघायचं आणि गडी कसा हेही.”

मग मी त्यांना त्या स्वस्त आठ कोअरवाल्याचा नंबर पाहायला लावला. कोअर आय ३-एन३०५. आठ कोअर खरेच, पण आठही ‘एफिशियन्सी’ म्हणजे वीज वाचवणारे, हलक्या ताकदीचे. इंटेलने बाराव्या पिढीपासून लॅपटॉपमध्ये दोन जातींचे कोअर सर्रास एकत्र घालायला सुरुवात केली. ‘परफॉर्मन्स’ कोअर ताकदीचे, एकेक जण दोन थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या दोन ओळी, सांभाळतो. ‘एफिशियन्सी’ कोअर एकेकच थ्रेड सांभाळतात. आय फाइव्ह-१२३५यूमध्ये दोन ताकदीचे आणि आठ हलके, म्हणून कोअर दहा आणि थ्रेड बारा. आय थ्री-१२१५यूमध्ये दोन ताकदीचे आणि चार हलके, कोअर सहा आणि थ्रेड आठ. वरच्या ७५२०यू आणि ७५३०यू या रायझनमध्ये मात्र अशी दोन जातींची सरमिसळ नाही, सगळे कोअर एकाच ताकदीचे, प्रत्येकाचे दोन थ्रेड. त्यामुळे ‘सहा विरुद्ध दहा’ अशी नुसती मोजदाद करून इंटेलला जिंकवू नये.

प्रोग्रामिंगमध्ये एकच पोतं कुठलं आणि ट्रक कुठला? पहिली दोन वर्षं बहुतेक पोतीच असतात. सीची एक फाइल कंपाइल केली तर एकच कोअर धावतो. पायथनचा साधा प्रोग्रामही एकाच कोअरवर चालतो. तेव्हा एका कोअरची ताकद कामाला येते, आणि तिथे आय थ्री-१२१५यू आणि आय फाइव्ह-१२३५यू जवळजवळ सारखेच, कारण दोघांचे ताकदीचे कोअर दोनच आणि कमाल वेगही दोघांचा ४.४ गिगाहर्ट्झ. म्हणून ज्यांचं बजेट चाळीसच्या आतलं आहे त्यांना मी बिनधास्त सांगते, नवा आय थ्री घ्या, लाजू नका. काही कॉलेजांत अजूनही टर्बो सीची ती निळी खिडकी उघडून प्रॅक्टिकल घेतात. तिच्यासाठी तर यातलं काहीच लागत नाही, ती बापडी १९९० च्या सुमारासची आहे.

ट्रक येतो तिसऱ्या वर्षी. अँड्रॉइडचं ॲप, स्प्रिंग बूटचा प्रोजेक्ट, एका वेळी शेकडो फाइली बांधणारा बिल्ड. ही कामं तुकड्यातुकड्यांत वाटता येतात, सगळे कोअर एकदम जुंपले जातात, आणि मग सहा पूर्ण कोअरचा ७५३०यू किंवा दहाचा १२३५यू यांचा फरक घड्याळावर दिसतो. पन्नासच्या आसपास जाता येत असेल तर माझी पसंती यांना, किंवा त्यांच्याच घरातल्या ५६२५यू, १३३४यू, १३३५यूला. यांतला कुठला, यावर रात्र जागवू नये. त्या दिवशी जो मोकळ्या स्लॉटसह आणि बऱ्या स्क्रीनसह मिळतो तो घ्यावा.

मल्टिटास्किंगची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे प्रोसेसरला उगाच शिव्या पडतात.

तिसऱ्या वर्षाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, प्रोसेसर बेकार आहे, विकून टाकते. मी तो उघडायला लावला आणि तिची नेहमीची कामं नेहमीसारखीच सुरू करायला सांगितली. अँड्रॉइड स्टुडिओ, त्यात एम्युलेटर म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, क्रोममध्ये वीसेक टॅब, एकात यूट्यूबवरचं ट्यूटोरिअल, बाजूला व्हॉट्सॲप. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘परफॉर्मन्स’चं पान समोर आणलं. सीपीयूचा आलेख तीस-चाळीस टक्क्यांवर रेंगाळत होता. मेमरीचा आलेख वर छताला चिकटून सरळ रेषेत. आणि डिस्कचा आलेख वर-खाली उड्या मारत होता. याचा अर्थ असा की रॅममध्ये जागा संपली, म्हणून विंडोज एका प्रोग्रामचा पसारा उचलून एसएसडीवर टाकतंय, दुसऱ्याचा परत आणतंय, आणि प्रोसेसर बिचारा हात बांधून वाट बघतोय. त्याच पानावर खाली उजवीकडे मेमरीचा ‘फॉर्म फॅक्टर’ दिलेला असतो. तिथे लिहिलं होतं, ‘रो ऑफ चिप्स’. म्हणजे रॅम बोर्डावर डकवलेली. वाढवायचा प्रश्नच मिटला.

आम्ही वाट काढली. एम्युलेटर बंद केला आणि तिचाच फोन केबलने जोडून, डेव्हलपर पर्यायांतलं यूएसबी डीबगिंग चालू करून, ॲप थेट फोनवर चालवलं. मेमरीची रेषा लगेच खाली आली. प्रोजेक्ट पार पडला. लॅपटॉप विकला नाही.

व्हीएस कोड बनवणाऱ्यांच्या कागदावर गरज लिहिली आहे १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. गूगलच्या कागदावर अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायला किमान १६ जीबी रॅम मागितली आहे. दोन्ही ‘कोडिंग’च. त्यामुळे ‘कोडिंगसाठी लॅपटॉप’ म्हणून विचारायला येणाऱ्याला मी आधी विचारते, कोडिंग कसलं? वेबसाइटी बनवणार, डेटाबेस शिकणार, सी-जावा गिरवणार, तर ८ जीबीवर सुरुवात करता येते, मात्र दुसरा स्लॉट मोकळा पाहिजे. अँड्रॉइड, डॉकर, व्हर्च्युअल मशीन हे डोक्यात असेल तर १६ पासूनच सुरुवात. विंडोजमध्ये लिनक्स चालवायची जी डब्ल्यूएसएलची सोय आहे, तीही वेगळी मर्यादा घातली नसेल तर एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हात मारते.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचे, आत्ता आठचा घ्या, वर्षभराने दुसरी आठची पट्टी टाका. हिशेब आता तितका सरळ राहिलेला नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. मायक्रॉनसारख्या कंपनीने तर ‘क्रुशियल’ या नावाने घराघरांत विकली जाणारी रॅम आणि एसएसडी बंद करायचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. ही डेटा सेंटरं आम्हाला काही लांबची नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात ती उभी आहेत, पनवेलला योट्टाचं जुलै २०२० पासून आहे. ट्रान्सहार्बरच्या गाडीतून बिनखिडक्यांच्या त्या इमारती दिसतात. त्यांचा आणि घणसोलीतल्या पोराच्या रॅमच्या पट्टीचा असा संबंध जुळेल असं कोणाला वाटलं होतं! सध्या मी सांगते ते इतकंच: आठचा लॅपटॉप अधिक सुटी पट्टी यांची बेरीज आणि थेट सोळाच्या लॅपटॉपची किंमत, दोन्ही त्याच दिवशी विचारा आणि मग ठरवा.

एम्युलेटर रखडण्याचं दुसरं एक कारण फुकटात सुटतं. टास्क मॅनेजरमध्येच सीपीयूच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ अशी एक ओळ असते. तिथे ‘डिसेबल्ड’ दिसलं तर लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ती सोय चालू करायची. अनेक यंत्रांत ती कारखान्यातूनच बंद येते आणि मुलं वर्षभर प्रोसेसरला दोष देत बसतात.

शेवटच्या अक्षराकडे वळते. यू म्हणजे साधारण १५ वॉटचा, सडपातळ लॅपटॉपचा. एच म्हणजे ४५ वॉटच्या घरातला, दमदार, गेमिंग लॅपटॉपात असतो तो. आय फाइव्ह-१२४५०एच या बजेटात कधी कधी दिसतो. त्यात ताकदीचे कोअर चार आहेत, मोठे बिल्ड तो झपाट्याने उरकतो. मोह पडण्यासारखाच आहे. पण मुलगी रोज तो पाठीवर टाकून सकाळची गर्दीची गाडी पकडणार असेल, वर्गात प्लगसाठी भांडाभांडी असेल, तर एच घेऊन तीन वाजता बंद पडलेला लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर सांभाळत बसायचं. ज्याला घरीच टेबलावर काम करायचंय त्याने खुशाल घ्यावा.

यूवाल्यांचंही एक गुपित आहे. १२३५यूची पाटी १५ वॉटची असली तरी थोडा वेळ तो ५५ वॉटपर्यंत ताण घेऊ शकतो. जाहिरातीतला ४.४ गिगाहर्ट्झ तो या थोड्या वेळातला. मग यंत्र तापतं आणि वेग आपोआप खाली येतो. किती खाली, हे पंखा आणि हवेवर. आमच्याकडे मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, एसी नसलेल्या खोलीत, गादीवर लॅपटॉप ठेवून मूल बसलेलं असतं आणि खालची जाळी चादरीने झाकलेली. अशा वेळी कुठलाही प्रोसेसर दमणारच. स्वयंपाकघरातलं पाट-पोळपाट काहीही चालेल, पण खाली सपाट आणि कडक काहीतरी हवं. खाडीची दमट हवा, त्यात नव्या बांधकामांची धूळ, हे मिश्रण पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसतं. वर्षातून एकदा उघडून साफ करून घेतला की आवाजही कमी होतो आणि वेगही परत येतो.

सेकंडहँडला मी नाही म्हणत नाही. उलट ऐरोली-महाप्याच्या कंपन्या दर तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, आणि ते जुने, पण व्यावसायिक बांधणीचे लॅपटॉप बाजारात येतात. कीबोर्ड उत्तम, रॅम-एसएसडी सहज बदलता येणारी. अट एकच, आठव्या पिढीच्या खाली उतरायचं नाही. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची ३००० ची मालिका, आणि टीपीएम २.० लागतं, आणि विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. त्यानंतर सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप फार स्वस्तात दिसू लागले, त्याचं कारण हेच. त्यावर उबुंटू टाकून सी आणि पायथन शिकायचं असेल तर तेही वाईट नाही, पण घेताना हे माहीत असूद्या. घेण्याआधी बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलाय का ते तपासा. आहे म्हणाले तर ते यंत्र तिथेच ठेवा, “काढून देतो” या शब्दावर पैसे देऊ नका. बॅटरी विंडोजच्याच बॅटरी रिपोर्टमध्ये बघा. मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही तिथे लिहिलेल्या असतात.

बाकीचं झटपट. ‘एआय लॅपटॉप’ या स्टिकरसाठी शिकणाऱ्याने जादा पैसे मोजू नयेत. मशीन लर्निंग शिकताना जड काम गूगल कोलॅबवर फुकटात बरंच होतं. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला भारी आहेत, पण ते वेगळ्या जातीच्या चिपवर चालतात. कॉलेजच्या लॅबमधलं एखादं जुनं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर त्यावर अडलं तर ऐन परीक्षेत पंचाईत. आयफोनचं ॲप बनवायचंच असेल तर मॅकला पर्याय नाही. २०२० चा एम-वन मॅकबुक एअर अजून चांगला धावतो, मात्र त्याची रॅम जन्मात वाढत नाही. आणि सेलेरॉन एन४०२० किंवा ॲथलॉन सिल्व्हर ७१२०यू लिहिलेलं काही दिसलं, दोन कोअर, दोन थ्रेड, तर शाळकरी पोराच्या गृहपाठासाठी ठेवा, प्रोग्रामिंगला नको.

खरेदीच्या दिवशीची गोष्ट राहिली. एकाच मॉडेलच्या नावाखाली चार-पाच वेगवेगळे प्रोसेसर विकले जातात. मालिका तीच, रंग तोच, खोकं तेच. शोकेसमध्ये एक आणि गोदामातून दुसराच, हे माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत वाशीच्या एका दुकानात घडलं. ठरला होता ७५३०यू, हातात आला ७५२०यू. बिलावर नुसतं ‘रायझन ५’ लिहिलेलं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. तेव्हापासून मी पोरांना सांगते, १८ टक्के जीएसटी भरता ना, मग बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर अक्षरासकट लिहून मागा. खोकं दुकानातच फोडा. पहिल्या वेळचं विंडोज सुरू व्हायला वेळ लागतो, चहा घ्या, पण थांबा. सुरू झाला की टास्क मॅनेजर उघडा. सीपीयूच्या पानावर वर उजवीकडे पूर्ण नंबर असतो, खाली कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर. मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असतं. तिथे ‘वन ऑफ टू’ दिसलं की एक स्लॉट मोकळा. ऑनलाइन मागवलात तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि हीच पानं परत करायची मुदत संपायच्या आत बघा.

कांदा मार्केटातले ते दादा मुलीला घेऊन गेले आणि दुकानातून त्यांनी मला त्या पानाचा फोटो पाठवला. १२३५यू, दहा कोअर, बारा लॉजिकल प्रोसेसर, ८ जीबी, स्लॉट वन ऑफ टू. खाली लिहिलं होतं, “गडी बघून घेतले मॅडम. पैसे देऊ का?”

मी लिहिलं, बिलावर नंबर आला का ते बघा, मग द्या.